भोपाळ की भोपाल?

मध्य प्रदेशच्या राजधानीचे नाव मराठी माणूस भोपाळ असे उच्चारतो. त्याच नगरीत जन्मलेला हिंदी वा उर्दू भाषिक भोपाल म्हणतो. रेल्वेच्या फलाटावरील पाटीवर भोपाल आहे, नागपूर-पुण्याच्या वृत्तपत्रांत भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने या शहराचे नाव जगभर नेले, तेव्हाही मराठी वृत्तपत्रांनी आपला ळ सोडला नाही. एका अक्षराचा हा भेद कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांस मात्र भोपाळात वसलेल्या मराठी कुटुंबांच्या वाणीचा बराचसा इतिहास या एका अक्षरापासून उलगडता येईल असे वाटते.

प्रथम या ळ-ची कुळी पाहू. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत येताना ळ झाला. फल-चे फळ झाले, काल-चा काळ झाला, गोपाल-चा गोपाळ झाला. जेथे मूळचा ल जोडाक्षरात होता आणि प्राकृतात त्याचे द्वित्व झाले होते, तेथे मात्र ल कायम राहिला. संस्कृत कल्य, प्राकृत कल्ल आणि मराठी काल ही परंपरा त्याचे उत्तम उदाहरण होय. म्हणून सरून गेलेला दिवस तो काल आणि सगळ्यांना गिळणारा तो काळ, हा भेद आमच्या भाषेने हजार वर्षांच्या घडणीतून मिळविला आहे. कोकणीतही तो जसाच्या तसा आहे. हिंदीने या ध्वनीची वाट धरली नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात असलेला ळ गंगायमुनेच्या काठी बोलीतून मावळला. मराठी, कोकणी, गुजराती, राजस्थानी यांनी तो ध्वनी वागविला.

आता शहराच्या नावाविषयी. परंपरेने त्याचा संबंध अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्याशी जोडतात. त्याने येथे बांध घातला, म्हणून भोजपाल. दुसरे कोणी भूपाल या शब्दाकडे बोट दाखवितात. यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती मानली तरी मराठीच्या मुखी त्याचे भोपाळच व्हावयाचे. राजस्थानी-गुजरातीत तळ्याच्या बांधाला आजही पाळ असे म्हणतात, हेही येथे लक्षात घ्यावे. म्हणजे मराठी माणसाने परक्या नगरीचे नाव बिघडविले असे नसून, आपल्या भाषेच्या रीतीने ते घडविले. शिवाय मराठी घरात पाल म्हटले की भिंतीवरचीच पाल आठवते, तेव्हा शहराच्या नावाशी तिची गाठ न घातली हे बरेच झाले!

भोपाळ हे नाव मराठ्यांना फार पूर्वीपासून परिचित होते, पण ते शत्रूच्या छावणीच्या अंगाने. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामास याच गावी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईचा तह घडवून माळवा पदरात पाडून घेतला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. वजीर महंमद खानाने तो नेटाने परतविला. माळव्यात इंदूर, देवास, धार, उज्जयिनी येथे मराठी दरबार बसले, त्यांच्यामागे भिक्षुक, कारकून, गवई, सराफ आले आणि मराठी गल्ल्या उभ्या राहिल्या. भोपाळ मात्र नवाबांचे आणि नंतर बेगमांचे राहिले. तेथील दरबाराची आणि बाजाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे माळव्याच्या इतक्या जवळ असूनही या शहरात मराठीची जुनी पेठ झाली नाही.

हे चित्र पालटले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भाषावार प्रांतरचनेत जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल व छत्तीसगड, इंदूर-ग्वाल्हेरचा मध्यभारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ संस्थान यांचे नवे मध्य प्रदेश राज्य झाले. नागपूरने राजधानीपण गमावले, भोपाळने मिळविले. सचिवालयातील नोकरवर्गाची वाटणी झाली आणि नागपूरच्या वाड्यांतून, चाळींतून मराठी कारकून, टंकलेखक, हिशेबनीस, अभियंते आपापली बिऱ्हाडे घेऊन या तळ्यांच्या शहरात आले. मध्यभारताच्या कचेऱ्यांतून इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी आली. त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना येथे उभा राहू लागला, त्यानेही माणसे ओढली. १९५१ च्या जनगणनेत लाखाच्या आसपास असलेले शहर १९६१ मध्ये दोन लाखांच्या वर गेले. भाषेच्या अभ्यासकाला अशी संधी क्वचितच मिळते. बृहन्महाराष्ट्रातील बहुतेक वसाहतींचा आरंभ दोन-अडीचशे वर्षांच्या धुक्यात हरवलेला असतो. भोपाळच्या मराठी वस्तीची जन्मतिथी आपणांस, बव्हंशी, तारखेनिशी ठाऊक आहे. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच घरात बोलताना ऐकले की ध्वनींचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

आलेली मराठी एकजिनसी नव्हती. नागपूरकडील बोलीत ळ-चा य होतो: काळा तो काया, केळे ते केये, डोळा तो डोया. शिकलेले नागपूरकर लिहिताना आणि सभेत बोलताना ळ काढीत, घरात आजीशी बोलताना य. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांतील ळ अधिक पक्का होता. या घरांना हिंदीचा शेजार मात्र पिढ्यानुपिढ्यांचा. ग्वाल्हेर संस्थानात वाढलेल्या मुक्तिबोध घराण्यातील गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते राहिले. एकाच घरात दोन भाषा कशा नांदत होत्या याचा याहून बोलका दाखला नाही. १९६४ मध्ये अखेरच्या आजारात गजानन माधवांना काही काळ भोपाळच्याच हमीदिया रुग्णालयात ठेवण्यात आले होते.

या सर्वांची मुले भोपाळच्या शाळेत एका बाकावर बसली आणि त्यांच्या ळ-ने तिसरीच वाट धरली. नागपूरचा य गेला, इंदूरचा ळ डळमळला, आणि हिंदीचा ल आला. काया नव्हे, काळा नव्हे, काला. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही खूण मोलाची आहे, कारण य ऐकू आला तर तो वऱ्हाड-नागपूरचा वारसा आणि ल ऐकू आला तर तो शाळेचा, असे निश्चित सांगता येते. ण-च्या बाबतीत असा निवाडा करता येत नाही. भोपाळचे मराठी मूल पाणी-ला पानी म्हणते ते शेजारच्या हिंदीमुळे की नागपूरच्या आजीमुळे, हे कोण सांगणार? आजीही पानीच म्हणत होती.

इतर बदल थोडक्यात सांगता येतील. ज्ञ-चा मराठी उच्चार द्न्य-च्या जवळचा, हिंदी उच्चार ग्य-च्या. त्यामुळे ज्ञानेश्वर नावाचा मुलगा शाळेत ग्यानेश्वर होतो. कृष्णाच्या नावात आम्ही रु म्हणतो, ते रि म्हणतात. पैसा आणि औषध यांतील ऐ-औ आम्ही दोन स्वर जोडून म्हणतो, ते पसरट एकच स्वर काढतात. संस्था, संशय या शब्दांतील अनुस्वारात आमच्याकडे व-ची छाया असते, त्यांच्याकडे न-ची. या सगळ्या ठिकाणी अक्षर तेच आणि वाचणारा निराळा. परंतु यांत अर्थाचा घोटाळा होत नाही, म्हणून आम्ही फार थांबत नाही.

थांबावयाचे ते च, ज, झ यांच्यापाशी. मराठी व्याकरणकार या वर्णांचे दोन उच्चार सांगतात: एक शुद्ध तालव्य, चित्र, चंद्र, जीवन यांतला; दुसरा दंततालव्य, चाक, चूल, चोर, जुना, झाड यांतला. चार म्हणजे चार ही संख्या तालव्य, गुरांचा चारा दंततालव्य. जरा म्हणजे वार्धक्य तालव्य, जरा म्हणजे थोडेसे दंततालव्य. पुढे इ, ए किंवा य आला की दंततालव्य वर्ण आपोआप तालव्य होतो. माझा म्हणताना जीभ दातांकडे जाते, माझी म्हणताना टाळूकडे परतते. बोलणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. कोकणीत हीच जोडी आहे आणि तेलुगूतही पुढच्या स्वरानुसार असाच भेद होतो. भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात या उच्चारांची नोंद आहे. झ्यूल ब्लोक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात त्यांचा विचार केला आहे. आणि तरीही देवनागरी लिपीत या दोन उच्चारांना अक्षर एकच आहे.

जुन्या कारकुनांना ही उणीव जाणवली होती. पेशवाईच्या काळातील कागदांत चार ही संख्या पुष्कळदा च्यार अशी लिहिलेली आढळते. आम्हांस वाटते, त्याचे कारण असे: पुढे आ असलेला साधा च वाचणारा दातांवर काढील हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते, म्हणून त्याने मध्ये य घालून टाळूची वाट दाखविली. ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद न पाळणाऱ्या मोडीत तो एवढी काळजी घेतो, यावरून त्याचा कान किती जागा होता हे दिसते. छपाईच्या युगात शुद्धलेखन स्थिरावले आणि च्यार-मधला य गेला. अक्षर शुद्ध झाले. उच्चार कानावर सोपविला गेला.

जहाज हा शब्द पाहा. पहिला ज तालव्य, दुसरा दंततालव्य. फारसीत हे दोन निरनिराळे वर्ण आहेत. हिंदीत काळजीने लिहिणारे दुसऱ्या ज-खाली नुक्ता देतात. मराठीत नुक्ता नाही, दोन्ही ज सारखेच लिहिले जातात, आणि फारसी अक्षर न पाहिलेली आमची आजीही ते दोन ज बिनचूक वेगळे काढीत असे. बाजार, जमीन, हजार, रोज, दरवाजा हे शब्दही असेच आले: फारसीचा घर्षक ज मराठीने आपल्या दंततालव्य ज-मध्ये बसविला आणि शेकडो वर्षे केवळ ऐकून जपला.

यामुळे भोपाळात एक गमतीची गोष्ट घडली. येथील जुना शहरवासी उर्दू बोलणारा. त्याच्या बोलण्याची लकब प्रसिद्धच आहे. तो ‘जा रहा हूँ’ न म्हणता ‘जा रिया हूँ’ म्हणतो, आणि नागपूरचा मनुष्य ‘जाऊन राहिलो’ म्हणतो, तेव्हा दोघांचे जमायला वेळ लागला नसावा. या शेजाऱ्याच्या तोंडी जमीन, बाजार, ज़रा यांतील घर्षक ज शाबूत होता. मराठी मुलाच्या कानाला त्याचा आधार मिळाला. आमच्या ऐकण्यात असे आले आहे की भोपाळच्या तिसऱ्या पिढीत जुना, जावई, माझा यांतील ज-झ पुष्कळ अंशी दातांजवळच राहिले आहेत, क्वचित उर्दूच्या वळणाने अधिक घर्षक झाले आहेत. च-ला मात्र असा सोयरा मिळाला नाही. दंततालव्य च उर्दूत नाही, हिंदीत नाही. परिणामी त्याच मुलाच्या तोंडी पाच, चूल, चोर हे शब्द हिंदी च-ने येतात. नवाबी शहराच्या उर्दूने मराठीचा ज राखला आणि च राखण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते, हे आमचे अनुमान आहे. कोणी ध्वनिमुद्रण करून ते तपासल्यास आम्हांस आनंद होईल.

लिपी जे लिहीत नाही ते परक्या शहरात का टिकत नाही, हे समजण्यासाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो भाषा बोलतात. तिच्या नावातच एक अवघड ध्वनी आहे: ओठ आणि जिभेचे मूळ एकाच वेळी मिटून उघडल्याने होणारा ग्ब. आम्ही त्यास दोन अक्षरांचे जोडाक्षर करतो, पण त्यांच्या कानाला तो एकच वर्ण. इंग्रजांना तो जमला नाही म्हणून त्यांनी बराच काळ इबो असे लिहिले. तिचे आठ स्वर चार-चारांच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि साध्या शब्दातील स्वर सामान्यतः एकाच गटातून येतात. एका वर्णाने शेजारचा वर्ण पाहून चालावे, ही आमच्या माझा-माझीसारखीच शिस्त, फक्त अधिक व्यापक. सर्वांत महत्त्वाचा तेथील सूर. अक्वा हा एकच शब्द दोन्ही अवयव उंच सुरात म्हटले तर रडणे, उंच-नीच म्हटले तर वस्त्र, नीच-उंच म्हटले तर अंडे आणि दोन्ही नीच म्हटले तर बिछाना.

ही भाषा रोमन लिपीत बसविण्याचा खटाटोप शंभर वर्षे चालला. गुलामगिरीतून मुक्त झालेले योरुबा धर्मोपदेशक सॅम्युएल क्राउथर यांनी १८५७ मध्ये इग्बोची प्राथमिक पुस्तिका काढली. १९२९ च्या सुमारास नवी वर्णमाला सुचविली गेली, तिच्यावरून मिशनांत आणि पंडितांत तीसेक वर्षे कलह माजला. अखेर १९६१ मध्ये ओन्वू समितीने तोड काढली: स्वरांचे दोन गट ओळखू यावेत म्हणून काही अक्षरांखाली टिंब द्यावे. त्या टिंबाने स्वर वाचले. सुरांच्या खुणा मात्र रोजच्या लिखाणात सहसा देत नाहीत. गावी वाढलेल्या माणसाला संदर्भाने सूर कळतो, त्याला खुणेची गरज नाही. गरज पडते ती गावाबाहेर, इंग्रजीच्या शाळेत वाढलेल्या त्याच्या मुलाला, आणि नेमके त्याच्याच पुस्तकात खूण नसते. भोपाळच्या मराठी मुलाची अडचण याहून फारशी वेगळी नाही.

येथे आमच्या कोकणी वाचकांना आपली रोमी आठवेल. पाद्र्यांनी परक्या लिपीत कोकणी लिहावयास घेतली तेव्हा मूर्धन्य वर्णांसाठी अक्षर दुप्पट करण्याचा प्रघात पडला. काळ लिहिताना शेवटी दोन ल, काल लिहिताना एक. गोव्यातून मुंबईस किंवा त्याही पलीकडे गेलेल्या घरात प्रार्थनेचे पुस्तक उघडले की काळ आणि काल कागदावरच वेगळे दिसतात. भोपाळात काळे आडनावाचा मुलगा इंग्रजी अक्षरांत नाव लिहितो तेव्हा त्याला दुसरा ल कोणी देत नाही, आणि शाळेच्या हिंदी पटावर तो काले होतो. लोकमान्यांनाही हिंदीने तिलक केले, मग इतरांची काय कथा! मात्र कोकणीनेही निश्चिंत राहू नये. तिच्यातील विवृत आणि संवृत ए-ओ हे भेद देवनागरीत दिसत नाहीत, आणि मराठीने १९६२ च्या लेखननियमांत जे अनुच्चारित अनुस्वार टाकले, ते कोकणीत आजही नाकातून बोलले जातात. मराठी वळणाने वाचणाऱ्या मुलाच्या तोंडून ते निसटू शकतात.

दंततालव्य च-ज-खाली टिंब द्यावे अशी कल्पना नवी नाही, आणि परभाषकांसाठी लिहिताना तिचा उपयोग होतो. सर्व मराठी मुद्रणात हे टिंब आणावे असे आम्ही म्हणणार नाही. पुण्याच्या मुलाला त्याचा उपद्रवच होईल. परंतु भोपाळ, रायपूर, जबलपूर येथील मुलांसाठी बृहन्महाराष्ट्रातील मंडळांनी जी बालपुस्तके काढावयाची, त्यांत निदान पहिल्या इयत्तेपुरते ते का असू नये? हिंदी शाळेत नुक्ता ओळखणाऱ्या मुलाला ते परके वाटणार नाही. इग्बो पंडितांना तीस वर्षे भांडावे लागले, कारण त्यांना एकच वर्णमाला सर्वांवर लादावयाची होती. आपणांस तशी निकड नाही.

१९५६ नंतर आलेल्या नोकरवर्गासाठी भोपाळात जी वसाहत उभारली तिला तात्या टोपे नगर हे नाव दिले. येवल्याच्या या वीराचा शेवट १८५९ मध्ये शिवपुरीच्या वधस्तंभावर झाला, त्याचे स्मरण मध्य प्रदेशाने ठेवले हे उचितच होय. लोकांनी त्या लांब नावाचे टी. टी. नगर केले. त-ने आरंभ होणारे नाव आणि ट-ने आरंभ होणारे आडनाव इंग्रजी आद्याक्षरांत एकरूप झाली. या सरकारी घरांच्या रांगांत मराठी बिऱ्हाडे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. गणपतीत नाटके बसत, मुले एकमेकांच्या अंगणात मराठीतून भांडत, आणि कानांना लागणारा ळ, च तेथे रोज मिळे. अलीकडच्या वर्षांत शहराच्या नव्या आखणीत त्यांतील बरीच घरे पाडली गेली. कुटुंबे कोलार रस्त्यावर, होशंगाबाद रस्त्यावर, उंच इमारतींच्या निरनिराळ्या मजल्यांवर विखुरली. आता मराठी आजी नातवाशी बहुधा एकटीच बोलते. ती भोपाळ म्हणते; नातू तिला ‘आजी, भोपाल’ असे दुरुस्त करतो.